घरच्यांना सगळं माहीत असतं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरीच शिकणाऱ्या मुलांना मराठी लिहायला शिकवू लागले. अशी मुलं डहाणूत फार नाहीत. जी आहेत त्यांचे आईबाप शाळेला नावं ठेवतात आणि निबंध म्हटला की शाळेतल्याच बाईंकडे धावत येतात. मला त्याचा राग यायचा. तरी जायची, कारण घरी बसून भिंती बघण्यापेक्षा ते बरं.

डहाणूजवळच्या चिखले गावात अशाच एका घरी चौघं होती. चिकूच्या वाडीत राबणारा बाप, बारा वर्षांची थोरली, जेमतेम चालायला लागलेली धाकटी, आणि आई. आई मूळची मुंबईची. थोरलीला पहिल्यापासून तिनेच शिकवलं होतं. पोरगी हुशार, पण तिच्या लिहिण्यात एक खोड होती, शाळेतल्या मुलांत मी कधी न पाहिलेली. 'ती आली आणि मग त्या दिवशीसारखंच झालं. आम्ही खूप हसलो.' कोण आली? कुठला दिवस? विचारलं की म्हणायची, "आईला माहितीये ना, बाई."

खरंच होतं ते. तिचं लिहिलेलं आजवर फक्त आईने वाचलं होतं, तेही शेजारच्या खोलीत बसून. परक्या माणसाला सांगायचं म्हणजे काय, हे तिला कळणार कुठून? मी लाल पेनने पानभर प्रश्न लिहायची. चुका काढण्यात माझा हात सढळ आहे.

दिवाळीनंतर आईचं दुखणं उघड झालं. उपचारांसाठी मुंबईच्या खेपा झाल्या, मग त्याही थांबल्या. एका दुपारी थोरली वाडीत गेलेली बघून आई मला म्हणाली, "बाई, धाकटीला मी आठवणार नाही. थोरलीकडून माझ्यावर काहीतरी लिहून घ्या. फोटो आहेत हो, पण फोटोत मी नुसतीच हसत उभी आहे."

मी हो म्हटलं. दुसरं काय करणार होते?

थोरलीला सांगितलं, धाकटी मोठी होऊन वाचेल असं आईबद्दल लिही. तिने वर न बघता विचारलं, "तिला कशाला सांगायचं? ती रोज आईच्याच कुशीत झोपते." आणि लिहिलं काय, तर 'आई आईसारखीच आहे.' पुढच्या वेळीही तेच. पोरगी मठ्ठ नव्हती. आईची ओळख करून द्यायची म्हणजे आई नसेल हे कबूल करायचं, आणि तेवढं ती करणार नव्हती. बाहेर सुरूच्या झाडांत वारा घोंगावायचा आणि आम्ही दोघी कोऱ्या कागदासमोर बसून असायचो. त्या दुपारी मला नकोशा व्हायच्या.

मग एकदा धाकटी आईकडे जाईना. आईचे केस गेलेले, चेहरा ओढलेला. पोर बिचकली आणि बापाला बिलगून रडू लागली. आई भिंतीकडे वळून पडून राहिली. थोरली दारात उभी राहून बघत होती. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने कागद ओढला.

'माझ्या आईला चिकू आवडत नाहीत. हे तिने बाबांना लग्न झाल्यावर सांगितलं. शेजारच्या काकूंची भांडणं ऐकून ती गुजराती शिकली, म्हणून तिला राग आला की ती गुजरातीत ओरडते. तिचे पाय नेहमी गार असतात. झोपताना ती ते आपल्या पोटऱ्यांना लावते आणि आपण किंचाळलो की हसते.' असं दोन पानं. कुठेही अडायला झालं नाही.

तिने ते आईला वाचून दाखवलं. आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरी बाई दिसते गं. धाकटीला आवडेल." मला तिथे बसवेना. मी चपला घालून अंगणात आले.

थोरली मागोमाग आली. पानं माझ्या हातात कोंबत म्हणाली, "बाई, चुका काढा ना. पूर्ण झालं नाही म्हणा. आईला सांगा, अजून खूप राहिलंय."

मी परत आत गेले आणि तिच्या आईला तसं सांगितलं.