बुरमाकान-एजेंची समीक्षा

पडदा वर जातो तेव्हा मंचावर माणूस नाही, नुसते कोट आहेत. किर्गिझस्तानात, बिश्केकच्या टीव्ही स्टुडिओतली तळमजल्याची खोली, जानेवारी महिना, खुंट्यांवर मेंढीच्या कातड्याचे ओले कोट आणि त्यांच्यामागे हलणारा एक पांढरा रुमाल. हा रुमाल डोक्याला बांधून सगळ्यांचे कोट सांभाळणाऱ्या बाई म्हणजे बुरमाकान-एजे. वय पासष्ट. आम्हा सगळ्यांना थोरल्या बहिणीसारख्या, म्हणून एजे.

मी तीस वर्षं रंगभूमीवर राण्या केल्या. नाटकं बंद पडली तेव्हा टीव्हीने मला सासू केलं. विनोदी मालिका होती, सून झाली होती तरुण ऐझिरेक. दर गुरुवारी आम्ही दोघी भांडायचो, ताटल्या फोडायचो. सहाव्या भागानंतर एका वर्तमानपत्रात आलं : 'दोन कोंबड्यांचा कलकलाट. भांडण आहे, कारण नाही.' आमचा दिग्दर्शक तालाय, त्याला वरून निरोप आला, आणखी दोन भाग करा आणि आवरा. साठीला टेकलेल्या नटीला दुसरं काम कोण देणार?

कोट घ्यायला खाली गेले आणि पेपर आपटला.

"वाचलंत का, एजे? आम्ही कोंबड्या!"

"वाचायचं कशाला? मी बघते की. त्याने कमीच लिहिलंय."

"तुम्हीसुद्धा?"

"गेल्या गुरुवारी सुनेने तुला चहा काठोकाठ भरून दिला. आणि तू प्यायलीस गं बाई! वर म्हणतेस, साखर कमी आहे."

मी जीभ चावली. आमच्याकडे प्याला अर्धाच भरतात. माणसाने पुन्हा मागावा, आपण पुन्हा द्यावा. काठोकाठ भरलेला प्याला हातात आला की पाहुण्याने मुकाट्याने टोपी शोधायची. लेखक शहरातला, पण माझी आई तर नारिनच्या डोंगरातली!

"एवढं मोठं भांडण हातात आलं होतं, तुम्ही ते पिऊन टाकलंत," एजे कोट झटकत म्हणाल्या. "ताटल्या कसल्या फोडता? माझ्या सुनेने पाच वर्षांपूर्वी मला असाच प्याला दिला. मी तोंड नाही लावलं. तिच्याच पुढे ठेवला. म्हटलं, तूच पी लेकी, तुला लांब जायचंय."

"मग?"

"मग काय! ती हलेना, मी हलेना. मुलगा आला, म्हणाला, चहा गार झाला की. दोघी त्याच्याच अंगावर धावलो. दुसऱ्या दिवशी मी ही नोकरी धरली. तिला घरात जागा हवी होती, मला घराबाहेर."

"आणि आता?"

"आता बर्फ पडला की मला न्यायला बसथांब्यावर येते. वाटभर भांडतो."

मी कोट तिथेच टाकून जिना चढले. तालायने ऐकलं, लेखकाला बोलावलं. सातव्या भागात एकही ताटली फुटली नाही. ऐझिरेकने प्याला काठोकाठ भरला, मी तो तिच्यापुढे सरकवला, आणि आम्ही चार मिनिटं नुसत्या बसून राहिलो. कॅमेरावाला हसू दाबायला स्वतःची बाही चावत होता. त्याच समीक्षकाने लिहिलं : 'आता कळलं हे भांडण कशाचं. हसता हसता मला माझी आई आठवली.' नारिनहून, तलासहून पोती भरून पत्रं आली. मालिका तीन वर्षं चालली. माझ्या म्हातारपणाची भाकरी त्या कोटांच्या खोलीतून आली, हे मी आजही सांगते, कुणी विचारो न विचारो.

ती पहिली पत्रं आली तेव्हाच तालायला मी म्हटलं, एजेंचं नाव पडद्यावर आलंच पाहिजे. तो तयार होता. गरम बुरसोक, म्हणजे आमच्याकडचे तळलेले पिठाचे गोळे, रुमालात बांधून मी धावत खाली गेले.

"एजे, तुमचं नाव येणार! मोठ्या अक्षरांत!"

बुरसोक तोंडाकडे नेणारा त्यांचा हात थांबला.

"वेड लागलंय का तुला? सून शेजारी बसून बघते. परवाच विचारत होती, 'आई, असली सासू खरंच कुठे असते का हो?' मी म्हटलं, 'छे गं, या टीव्हीवाल्यांना काय कळतंय!'"