नावाची मोकळी जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा कधी सरळ बोललो नाही, तिथंही गोलगोल बोलून वेळ मारून नेली. आज तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

नेवाशाजवळच्या आमच्या गावात मी सारा जन्म गाणं शिकवण्यात घालवला. शाळेत संगीतशिक्षक, रविवारी चर्चच्या क्वायरचा मास्तर. शिवाय संगीतिका लिहायचो, म्हणजे अख्खं नाटक गाण्यातच, साधं बोलणं नाहीच. शिवणकाम करणाऱ्या बाया, कारखान्यातले फिटर, दवाखान्यातली नर्स, असल्यांकडून मी चार-चार आवाजांत गाऊन घेतलंय. तापट होतो. कुणी बेसूर झालं की डस्टर भिरकावायचो. तरी माणसं यायची, कारण गाणं चांगलं व्हायचं. आणि गाणं चांगलं व्हावं म्हणून मी काय केलं — तेच तर सांगायचंय.

मार्थाबाई आमच्यात खालच्या सुरांत गायच्या. अंगणवाडीत शिकवायच्या. एरवी त्या खोलीत आहेत हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही, पण गायला लागल्या की बाकीचे आपोआप सुरात यायचे. एका वर्षी त्या सुकत चालल्या. त्यांच्या नवऱ्यानं मला शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं, डॉक्टरांनी हात टेकलेत, फार तर दोन महिने. तिला मात्र नुसता अशक्तपणा सांगितलाय, तुम्हीही काही बोलू नका. आपल्याकडे असंच करतात. मी मान हलवली.

आणि घरी जाऊन काय केलं? रडलो? नाही हो. पेटी काढली. त्यांच्या दफनाला म्हणायचं गाणं बांधायला बसलो. बाई जिवंत — येताना ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा मोडताना मी त्यांना पाहिलं होतं. चाल अशी भराभर सुचत गेली की माझी मलाच भीती वाटली. पण त्यात खालचा एकटा आवाज हवा होता, आणि तसा आवाज गावात एकच. इतरांनी ऐकून शिकावं म्हणून तो भाग मी मार्थाबाईंनाच दिला. नव्या संगीतिकेतल्या आईचं गाणं आहे, असं सांगितलं.

आता आमची एक रीत सांगतो. दफनाच्या गाण्यात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची एक ओळ असते. कागदावर तिथं जागा मोकळी सोडतात. सरावात त्या जागी नुसतं 'आ' म्हणायचं, नाव घ्यायचं ते कबरीपाशीच. मी सवयीनं ती जागा मोकळी सोडली. आणि वीस वर्षं दफनांना गायलेल्या बाईच्या हातात तो कागद दिला.

सराव संपल्यावर त्या मागं थांबल्या. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "सर, या आईला नाव न्हाई का?"

"ठरायचंय अजून," मी म्हणालो.

त्यांनी घडी पुन्हा उघडली आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी थोरली बहीन तिकडं डोंगरात, अकोले गावाला हाय. भांडलो तवापासून आमी बोललो न्हाई. आता जाऊन येऊ का? का कार्यक्रम झाल्यावर जाऊ?"

कळलं ना तुम्हाला, त्या काय विचारत होत्या? मलाही तेव्हाच कळलं. 'जा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण एकदा गेल्या असत्या तर त्या परत आल्या नसत्या, आणि माझा तो आवाज गेला असता.

"कार्यक्रमानंतर जा," मी म्हणालो. "घाई काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. पुढच्या रविवारी दुपारी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून सरावाला आल्या. मी एका हातानं ताल देत दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करत होतो. नावाच्या जागी सगळ्यांनी 'आ' लावला, आणि त्याच्या खालून, अगदी शांतपणे, मार्थाबाईंनी स्वतःचं नाव गायलं. शेजारणीलाही कळलं नाही. मला कळलं. माझा हात थांबला का? नाही. अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच क्षणी मनात आलं — वा, चाल बसली.

गुरुवारी त्या गेल्या. दफनाला गाणं असं झालं की क्वायरबाहेरचे लोक म्हणाले, सर, एका दिवसात बांधलंत? मी म्हणालो, देवाची कृपा. बहीण एसट्या बदलत अकोल्याहून पोचली तोवर माती लोटून झाली होती. तिच्या पायांना भातखाचराचा चिखल तसाच होता. तिनं मला विचारलं, मार्था माझ्याबद्दल काही बोलली का? मी म्हणालो, नाही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये ते नाव नाही. कितीदा तरी ऐकलं, नुसता 'आ' आहे. पण गाणं पंचक्रोशीत पसरलं, आता प्रत्येक दफनाला म्हणतात. दर वेळी नाव वेगळं असतं, आणि दर वेळी त्याच्या खालून मला मार्थाबाईंचं नाव ऐकू येतं.

गेला महिनाभर मला जेवण जात नाही. डॉक्टर मुलीला बाहेर बोलावून बोलतात, ती आत येऊन म्हणते, अशक्तपणा आहे, बाबा. परवा दुपारी काठी टेकत चर्चच्या हॉलवर गेलो. आत तेच गाणं चाललं होतं. गावात तर कुणी गेलेलं नव्हतं. मी दारात दिसताच गाणं तुटलं. सुनीता — माझीच विद्यार्थिनी, आता क्वायर ती सांभाळते — कागद पालथा घालत म्हणाली, नव्या कार्यक्रमाची तयारी आहे, सर.

मी तिला काही विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? म्हटलं, चालू द्या. आणि मार्थाबाई बसायच्या त्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. नावाची जागा आली. सगळ्यांनी 'आ' लावला. त्याच्या खालून मी माझं नाव गायलं.

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. ताल देणारा तिचा हात थांबला नाही.