पाच मिनिटांत सुरू होणारी मोटरसायकल

आमच्या टेरिटोरियल कंपनीचा वार्षिक कॅम्प त्या वर्षी रत्नागिरीपासून सात मैलांवर एका सड्यावर, उघड्या कातळमाळावर, लागला होता. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताची कापणी अजून लांब, म्हणून माणसं मोकळी होती. मी लान्स नाईक, कंपनीचा निरोप पोचवणारा डिस्पॅच रायडर. म्हणजे अख्ख्या कंपनीत मोटरसायकल चालवता येणारा मी एकटा. त्याचा मला केवढा तोरा होता, ते आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मोटरसायकल मागच्या कॅम्पपासून रत्नागिरीत मांडवी बंदरावर एका गोदामात पडून होती. अकरा महिने. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता मी कुलूप उघडलं आणि नाक धरून बाहेर आलो. शी! काय तो वास! गोदामाचा राखणदार एक म्हातारा तांडेल होता, जन्मभर होड्या हाकलेला. होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल चोपडतात, तसं त्याने ते गाडीला चोपडलं होतं. हँडलला, चाकांना, सीटला. वर धूळ बसून सगळ्याचा चिकट राप झाला होता.

"गंज दाखवा, रायडरसाहेब," तो म्हणाला. "खाऱ्या वाऱ्यात अकरा महिने उभी हाय. एक ठिपका दाखवा."

ठिपका नव्हता.

"टाकीतपन दोन वाट्या ओतल्या. आतनं सडायला नको."

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. पडून राहिलेल्या गाडीची टाकी आधी रिकामी करून धुवायची, कार्बोरेटर खोलायचा, प्लग पुसायचा, हे ट्रेनिंगमध्ये माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी वरवरचं तेल पुसलं, टाकीत एक गॅलन ताजं पेट्रोल ओतलं आणि गाडी बैलगाडीत चढवून कॅम्पवर नेली. तसल्या घाणेरड्या गाडीवर बसून बाजारातून जायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रायफली मांडल्या, लुइस गन मांडली, शेजारी मोटरसायकल. झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. पूजेला बसलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, हा पलटणीचा रिवाज. त्यामुळे दोन दिवस किक मारायचा प्रश्नच आला नाही. माझ्या तंबूतला शिपाई गणपत लांज्याकडचा. तो हार घातलेल्या गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "रायडर, ही गाडी हाय का सुकटीची पाटी? हिला नैवेद्य नको, मांजर राखायला ठेव."

दसऱ्याच्या संध्याकाळी सुभेदारांनी लॉगबुक पुढे केलं. रेंजवर फायरिंग असेल त्या दिवशी मोटरसायकल चालू स्थितीत हवी, असा स्टँडिंग ऑर्डर होता. कॅम्पवर फक्त कंपाउंडर, डॉक्टर गावात, आणि लॉरी रेशन आणायला घाटावर गेलेली.

"गाडी?"

"रनिंग ऑर्डर, साहेब."

सही केली. किक मारली नव्हती.

सकाळी साडेसातला फायरिंग सुरू झालं. गणपत टार्गेटच्या बाजूला खड्ड्यात लाल निशाण घेऊन होता. टार्गेटमागच्या मातीच्या बांधाला पावसाने भगदाड पाडलं होतं, ते कोणी नीट बुजवलं नव्हतं. आठ वाजून दहा मिनिटांनी एक गोळी त्यातून गेली, मागच्या जांभ्या दगडावर आपटली आणि उलटून गणपतच्या जांघेत घुसली. निशाण हललं, मग पडलं.

सुभेदार ओरडले, "सीज फायर! रायडर, डॉक्टर!"

कंपाउंडरने रक्त थांबवायला पट्टा आवळायचा प्रयत्न केला. जखम इतकी वर होती की पट्टा बसेना. दोघं शिपाई आळीपाळीने मुठी दाबून बसले. हलवला तर वाटेतच जाईल, कंपाउंडर म्हणाला.

मी पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरवरचं फ्लोटचं बटण दाबलं. पेट्रोल वर यायला हवं. आलं नाही. किक मारली. दहा, वीस, तीस किका. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

आठ-वीसला सुभेदार आले. "काय झालं?"

"पाच मिनिटं, साहेब."

फ्लोटची वाटी खोलली. आत पेट्रोल नव्हतं, शेंबूड होता. पिवळा, दाट, मुशीच्या तेलाचा शेंबूड. मी ताजं पेट्रोल ओतून टाकीतला सगळा चिकटा खाली उतरवला होता. नळीत तेच, कॉकमध्ये तेच. टाकी उलटी केली, रॉकेलने धुतली.

आठ-पस्तीस. सुभेदार पुन्हा आले.

"माणूस धावत पाठवू का?"

"कशाला, साहेब? तो पोचेपर्यंत मी जाऊन येईन. पाच मिनिटं."

जेट, म्हणजे पेट्रोल जायची सुईएवढ्या भोकाची तोटी, बुजला होता. बुटाच्या ब्रशचा केस घालून पाहिला, निघेना. शेवटी जेट तोंडात धरून फुंकला. अकरा महिने कुजलेलं मुशीचं तेल जिभेवर आलं. ओकलो. पुन्हा फुंकला, पुन्हा ओकलो. पलीकडून गणपत पाणी मागत होता, ते मला ऐकू येत होतं.

आठ-पन्नास. "पाच मिनिटं, साहेब." या वेळी तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

प्लग चुलीवर भाजून कोरडा केला, जेट बसवला, स्पार्क मागे घेतला, हवा बंद केली. नऊ-वीसला तिसऱ्या किकेला इंजिन लागलं. आणि मला आनंद झाला! जिंकल्यासारखं वाटलं! थू माझ्या जिंदगानीवर.

नऊ-अडतीसला इस्पितळात पोचलो. डॉक्टरांची मोटार पायरीशीच उभी होती. ड्रायव्हर आत बसून विडी ओढत होता. डॉक्टर बॅग घेऊन चालता चालता विचारू लागले.

"कधी लागलं?"

"आठ-दहाला."

"मग इतका वेळ?"

"मोटरसायकल सुरू होत नव्हती."

"अहो, माझी मोटार सकाळपासून इथे आहे. माणूस धावत पाठवायचा!"

ते मोटारीने पुढे गेले, मी मागे. दहा वाजायच्या आत पोचलो. गणपत नऊ-पन्नासला गेला होता. आमच्या कंपनीतला कोणीही बरा पोरगा सात मैल तास-सव्वा तासात धावला असता. आठ-वीसला निघाला असता, तर साडेनऊला पोचला असता, आणि मोटारीने डॉक्टर पावणेदहाला गणपतजवळ असते. हा हिशेब मी किती वेळा केलाय, विचारू नका.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. तांडेलाला धरून आणला. म्हातारा टोपी हातात घेऊन उभा. "सायेब, मी बरं कराया गेलो," एवढंच म्हणत राहिला. कागदावर लिहिलं गेलं, राखणदाराच्या अज्ञानामुळे यांत्रिक बिघाड. त्याची राखण गेली. मला कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?" मी टाचा जुळवून म्हणालो, "नो, सर." त्या जेटने ओकारी आली नव्हती इतकी त्या दोन शब्दांनी येते.

गणपतची ट्रंक त्याच्या घरी पोचवायला मलाच पाठवलं. लांज्याहून तीन मैल आत, डोंगराच्या कुशीत चार घरं. त्याची बायको पडवीत खांबाला टेकून बसली होती. मी ट्रंक ठेवली, काय झालं ते सांगितलं. रडली नाही. तिने विचारलं,

"हास्पिटल किती लांब व्हतं, भावजी?"

"सात मैल."

"सातच?"

"हो."

"मग धावत कोन नाय गेला?"

"सुभेदार पाठवत होते," मी म्हणालो. "मीच नको म्हटलं."

चौकशीत जे निघालं नाही ते तिथे निघालं. ती उठली, ट्रंक स्वतः उचलली, आत नेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मी अंगणातून परत फिरलो.

पलटणीच्या कागदात गणपतच्या नावापुढे 'अपघात' असं लिहिलं आहे. तो कागद मला बदलता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. शिपाई गणपत, वय सव्वीस, हातात निशाण घेऊन ड्यूटीवर असताना जखमी झाला आणि एक तास चाळीस मिनिटं डॉक्टरची वाट बघून मेला. त्याच्यासाठी माणूस धावत पाठवायला एका लान्स नाईकाला कमीपणा वाटला होता.