आबांचा स्क्रू ड्रायव्हर

दिघीत आमच्या समोरच्या दारात राहणारे आबा लहानपणी शाळेत टिकले असते, तर पिंपरी-चिंचवडच्या निम्म्या डॉक्टरांना दवाखाने मोडून किराणा दुकानं टाकावी लागली असती. उरलेले निम्मे आबांच्या प्रश्नांना कंटाळून गाव सोडून गेले असते. आबा चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर मशीनं सुटली, कान तेवढा शिल्लक राहिला.

तो कान माणसांकडे वळला त्यांच्या बायकोमुळे, म्हणजे आमच्या काकूंमुळे. जिना चढताना त्यांना धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा वॉल्व्ह खराब झालाय, बदलावा लागेल, फार उशीर करू नका. काकू म्हणाल्या, "ह्यास्नी आधी समजू द्या. हे व्हय म्हनल्याबिगर मी न्हाई टेबलावर चढायची." आबांनी आयुष्यात शेकड्यांनी वॉल्व्ह बदललेले, नेमकं याच वॉल्व्हचं ड्रॉइंग त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी भंगारवाल्याकडून डॉक्टरकीची तीन जाडजूड पुस्तकं आणली, एक शब्दकोश आणला आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचायला बसले.

पहिल्या पुस्तकात पायाची हाडं होती, म्हणून महिनाभर सोसायटीतली प्रत्येक टाच तपासली गेली. मग पोट आलं, तेव्हा आम्ही जिन्यावरून श्वास रोखून जाऊ लागलो. एकदा माझ्या पाठीला स्क्रू ड्रायव्हर लावून, डोळे मिटून ते म्हणाले, "कूलंट कमी हाय. पानी पीत जा राव." औषध मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. "आपलं काम ब्रेकडाऊन स्लिप भरायचं. दुरुस्ती ज्याची त्यानं करायची," असं म्हणून ते खरोखरच बिघाडाची स्लिप लिहून द्यायचे. ती घेऊन गेलेल्या सोसायटीच्या खजिनदारांना डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं होतं, "डाव्या फाउंडेशनला व्हायब्रेशन, म्हणजे नक्की कुठं दुखतंय?"

हृदय तिसऱ्या पुस्तकात होतं. इकडे काकू दोन मजल्यांत तीनदा बसू लागल्या, आणि आबा अजून आतड्यांत. मला राग आला. म्हटलं, "आबा, सरळ हृदयाचं पान उघडा ना." ते म्हणाले, "मॅन्युअल मधूनच उघडणारा फिटर मशीन जाळतो." मग काकूंना तरी स्क्रू ड्रायव्हर लावून बघा, असं मी चिडून म्हटलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसून बाजूला ठेवला. "तिला लावायचं भ्या वाटतं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काकू भाजीची पिशवी घेऊन पहिल्याच पायरीवर बसल्या, त्या उठेनात. आबांनी त्यांना उचलून वर आणलं आणि तीस वर्षांचा नियम मोडून तिसरं पुस्तक उघडलं. चौथ्या दिवशी ते मला घेऊन सर्जनसमोर बसले. "पंप बंद करून वॉल्व्ह बदलनार. मग तेवढा वेळ स्टँडबाय पंप कुठला?" सर्जन हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि शरीराबाहेरून रक्त फिरवणाऱ्या यंत्राचं चित्र काढून दिलं. आबांनी ते चित्र घरी नेऊन काकूंपुढे ठेवलं. "मी बघितलं. व्हय म्हन," म्हणाले. काकूंनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या बॅग भरायला उठल्या.

आता काकूंच्या छातीत धातूचा वॉल्व्ह आहे. खोलीत शांतता असली की त्याची बारीक टिकटिक नुसत्या कानाला ऐकू येते. पुस्तकं परत भंगारात गेली. स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला लटकलाय आणि आमच्या टाचांना कुणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. दुपारी काकू झोपल्या की आबा शेजारी खुर्ची टाकून बसतात. परवा मी डोकावलो, तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"जन्मभर मशीनचा आवाज बंद करायला धावलो," ते हळूच म्हणाले. "ह्यो चालू ऱ्हावा म्हनून बसतोय."