मागं बघू नगा

आमच्या गावाहून हायस्कूलला जाणारा रस्ता साखर कारखान्याच्या दारावरून जायचा. श्रीगोंद्याकडे असे रस्ते कितीतरी आहेत. दोन्ही बाजूंना ऊस, मधे खड्डे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांची ही रांग. त्यातून सायकल काढायची तर घंटी हवी, असं कोणालाही वाटेल. पण शाळेच्या सायकल स्टँडवर घंटीची वाटी कोणीतरी फिरवून न्यायचंच. माझी नवीकोरी वाटी तीन दिवस टिकली. आणि असती तरी काय? बैलांच्या पाठीमागे एकदम घंटी वाजवली की बैल बुजायचे, आणि गाडीवान आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. म्हणून तोंडानेच सांगत जायचं, ही तिकडची रीत.

सांगायची ती. मी नाही.

ती माझ्या वर्गातली, कारखान्यातल्या एका हंगामी कामगाराची मुलगी. रोज सकाळी कारखान्याच्या कामगार चाळीच्या कोपऱ्यावर एक पाय टेकून माझी वाट बघत उभी असायची, आणि उशीर झाला म्हणून आधी माझ्यावरच ओरडून गळा मोकळा करून घ्यायची. पोरीच्या जातीनं रस्त्यात आवाज काढायचा नाही, असा आमच्या घरी कायदा होता. तिच्या घरी असला कायदा कोणी केला असता तरी तिनं तो पाळला नसता. ती पुढे, मी मागे, असं आम्ही निघायचो.

“मागं बघू नगाऽऽ! डावीकडं व्हाऽऽ!”

हे तिचं ओरडणं. त्यातलं ‘मागं बघू नगा’ महत्त्वाचं. संध्याकाळी बाया डोक्यावर वाढ्यांचे भारे घेऊन परतायच्या. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना घालायचे. भारा चांगला पाच-सहा हात लांब. मागून सायकल आली म्हणून बाई वळून बघायला गेली, की बाईबरोबर भाराही वळायचा आणि अख्खा रस्ता झाडून काढायचा. एकदा आम्ही दोघी तशाच उसात गेलो होतो. ती बाई वर आम्हालाच म्हणाली, “डोळं फुटलं का गं तुमचं?” त्या दिवसापासून हिनं हे ओरडणं धरलं. आठवड्याभरात सगळ्या बाया शिकल्या. आवाज आला की मान न वळवता मुकाट्यानं डावीकडे व्हायचं. मग आमच्या दोन सायकली ऐटीत पुढे निघायच्या. मी तर फुकटचीच ऐट मारायचे.

दहावीनंतर तिच्या वडिलांचं काम सुटलं आणि ते लोक चाळ सोडून गेले. त्यानंतर दोन वर्षं मी त्या रस्त्यानं एकटी गेले. आवाज काही फुटायचा नाही. शेवटच्या गाडीमागं बैलांच्या चालीनं सायकल रेटत राहायचं, आणि शाळेत उशिरा पोचून बोलणी खायची. चाळीचा कोपरा आला की हात आपोआप ब्रेकवर जायचा. मला तिची फार आठवण यायची. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, तिलाही नाही.

बारावीत असताना कळलं, तिचं लग्न ठरलं, तिकडं अकोले तालुक्यात डोंगरात दिलंय. मी लग्नाला गेले नाही. प्रॅक्टिकल आहे असं घरी सांगितलं. प्रॅक्टिकल दोन दिवसांनी होती. खरं म्हणजे मला राग आला होता, मला न विचारता ठरवलंच कसं म्हणून. जसं काही तिला कोणी विचारलं होतं!

आता मी मास्तरीण आहे. स्कूटीचा हॉर्न चांगला कर्कश आहे, लोक कपाळाला आठ्या घालून बाजूला होतात. मोबाईलवर दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. त्यात सगळे आहेत, ती नाही. कोणाकडेच तिचा नंबर नाही. मी अनेकदा विचारून बघितलं.

गेल्या दिवाळीनंतर शाळेतले आम्ही सगळे भंडारदऱ्याला, त्याच अकोले तालुक्यात, जीपनं गेलो होतो. राजूरच्या पुढे चढाच्या अरुंद रस्त्यावर एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. एक हात भाऱ्याला, दुसरा कोपरात वाकवून बाहेर काढलेला. असं फक्त ती चालायची, सायकल हातात धरून चालतानासुद्धा. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले. मी, जन्मात रस्त्यावर न ओरडलेली. आणि तोंडातून काय यावं?

“मागं बघू नगाऽऽ! डावीकडं व्हाऽऽ!”

तिनं बघितलं नाही. मान न वळवता डावीकडे झाली. जीप शेजारून गेली तेव्हा भाऱ्याखाली तिचा चेहरा दिसला, हातभर अंतरावर. तीच होती. डोळे खाली, रस्त्यावर.

चढावर गाडी थांबेना. वळणावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबली तशी मी उतरून मागे पळत आले. रस्ता रिकामा. खाली भाताच्या खाचरांमधून दोन-तीन पायवाटा गेल्या होत्या. हाशहुश करत टपरीवर परत येऊन तिथल्या बाईला विचारलं. तिचं नाव सांगितलं.

“या नावाची हितं कोनी न्हाई, बाई. सासरचं नाव काय?”

लग्नात नवं नाव ठेवलं असणारच. ते ऐकायला मी गेले नव्हते.

“घरवाल्याचं तरी सांगा?”

तेही मला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मी पुन्हा त्या पायवाटांपाशी गेले आणि तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा, गळा खरवडून निघेपर्यंत. खाचरात भात कापणारी माणसं उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. ओ कोणी दिली नाही.