माझ्या नावावरचे दोन गोल

आमच्या संगमनेरकडच्या गावातल्या फुटबॉल क्लबच्या स्मरणिकेतला इतिहास मीच लिहिला. क्लब कायम जिल्ह्याच्या खालच्या गटात. वर चढलो ते एकदाच. त्या हंगामात पाथर्डीकडून आलेला एक ऊसतोड कामगार आमच्याकडून खेळला. नोंदणीला इथला पत्ता लागायचा, म्हणून तो माझं कार्ड घेऊन माझ्या नावावर उतरायचा आणि मी बाहेर बसायचो. शेवटच्या सामन्यातले दोन्ही गोल त्याचे, नोंद माझी.

स्मरणिकेत खरं लिहायला माझा हात कुणी धरला नव्हता. पण मी लाज कोळून प्यायलो आणि ते गोल माझ्याच नावावर छापले, वर माझ्या फोटोसकट.

प्रकाशनाला तो आला, शाळकरी लेकीला घेऊन. "दादा, मला वाचता येत न्हाई. त्या दोन गोलांचं कुठं लिवलंय, तेवढं पोरीला दाखवा."

मी पान काढून दिलं. ती मोठ्यानं वाचू लागली आणि माझ्या नावापाशी थांबली. "पप्पा, हे तर दुसऱ्याचंच नाव हाय."



तो हसून तिला म्हणाला, "बरूबर हाय, बाळा. मैदानात माझं नाव त्येच हुतं."