झोपाळ्याच्या कडीला

हॉलमधला झोपाळा काढून त्याच्या कडीला आता पंचिंग बॅग टांगली आहे. डॉक्टरांनी मला रोज व्यायाम करायला सांगितलं, पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना एकटं टाकून फिरायला जाणार कशी? नवऱ्याने हौसेने बॅग आणली. म्हणाला, "आता तुला घराबाहेर पडायची गरजच नाही!" चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून तर काही बोलता येईना.

आज कुकर लावून ग्लोव्हज चढवले. दोन-चार ठोसे मारले तोच आतून सासूबाईंची हाक आली, "काय पडलं गं?"

"काही नाही, आई. व्यायाम करतेय."

मग हळू मारू लागले. बॅग लांब जायची आणि परत माझ्याकडेच यायची. कडी सोडून ती तरी कुठे जाणार! तिची दया आली, मग रागच आला, आणि सगळा जीव एकवटून मी तिला लाथ घातली. कडी करकरली. इतकं मोकळं वाटलं, की मी मोठ्याने हसलेच.

आणि हसता हसताच माझा हात पुढे झाला. पुस्तकाला, केरसुणीला, माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. लाथ मारायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं. मी बॅगेला हात लावला आणि तो ग्लोव्हसकट कपाळाला टेकवला.

बॅग हलायची थांबली.

"झाला का गं व्यायाम?" आतून आवाज आला.

"झाला, आई."